फुकट ते पौष्टिक

सातबारा म्हणजे एका पानाचा कागद. गट नंबर, खातेदारांची नावं, हेक्टर-आरमधलं क्षेत्र, पोटखराबा, 'इतर हक्क'मध्ये सोसायटीचा बोजा, आणि खाली पिकांच्या रकान्यात ऊस, त्याखाली पुन्हा ऊस. बारामती तालुक्यातल्या पणदऱ्यात दुसरं काय असणार? नीरा डावा कालवा उशाला आणि माळेगावचा साखर कारखाना शेजारी. फाइल म्हणून या कागदाचं वजन ते किती? काही केबी. आणि तो नुसता उघडून बघायचा म्हणून सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर बसवलेला प्रोग्रॅम शेकडो एमबीचा. बारशाला लग्नाचा मांडव.

बारामती–नीरा रस्त्याला लागून असलेल्या कुठल्याही सेवा केंद्रात पीक कर्जाच्या दिवसांत जाऊन उभं राहा. केंद्रचालक पोरगा फाइलवर दोनदा क्लिक करतो आणि हात मागे घेऊन बसतो. आधी प्रोग्रॅमचं बोधचिन्ह येतं. मग खात्यात साइन इन करा म्हणून चौकट. ती बंद केली की 'नवीन काय आलंय ते पाहा'. तीही बंद केली की उजवीकडे हत्यारांची फळी उघडते आणि पडद्याचा मोठा तुकडा खाते. त्यातल्या निम्म्या हत्यारांना हात लावला तर पैसे मागतात. अलीकडे तर कागदाचा सारांश काढून देऊ का, असंही विचारलं जातं. सातबाऱ्याचा सारांश! पणदऱ्यातल्या माणसाला आपल्या सातबाऱ्याचा सारांश झोपेतही पाठ असतो. भांडण असतं ते तपशिलाचं: बांधाकडचे दोन गुंठे कुणाच्या नावावर.

मुळात हे प्रकरण सुरू झालं ते साधेपणासाठी. अ‍ॅडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये 'कॅमलॉट' नावाची योजना मांडली. कागद कुठल्याही मशीनवर उघडा, कुठल्याही प्रिंटरवर काढा, तो जसा केला तसाच दिसला पाहिजे. १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आली. तेव्हा नुसता वाचायचा प्रोग्रॅमसुद्धा विकत होता, साधारण ५० डॉलरला. गिऱ्हाईक फिरकेना म्हटल्यावर कंपनीनं वाचणं फुकट केलं आणि कागद बनवण्याचे पैसे लावले. धंद्याचं डोकं म्हणतात ते हे. पुढं २००८ मध्ये पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक झाली, म्हणजे वाचायचा प्रोग्रॅम कुणीही बनवावा, कुणाची परवानगी नको. याला आता दीड दशकाहून जास्त काळ लोटला. पण आपल्याकडं पीडीएफ म्हणजे अ‍ॅडोबीचा तो लाल चौकोन, ही समजूत काही हलत नाही. वनस्पती तुपाला सगळे डालडाच म्हणायचे, त्यातला प्रकार.

सरकारनंही या समजुतीला खतपाणी घातलं. जिल्ह्याजिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर 'मदत' नावाचं एक पान असतं. विविध प्रकारच्या फाइली कशा बघाव्यात ते तिथं तक्त्यात दिलेलं असतं, आणि पीडीएफच्या पुढं एका खासगी कंपनीचं नाव आणि दुवा. जनतेच्या पैशानं जनतेला एकच दुकान दाखवायचं. युरोपात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी २०१० च्या सुमाराला यावर मोहीम उघडली, सरकारी कचेऱ्यांना पत्रं धाडली, आणि शेकडो संस्थांनी तो मजकूर काढला किंवा बदलला. आपल्याकडं त्या पानावर कुणी जातच नाही, त्यामुळं तक्रारही नाही.

बरं, फुकट म्हणजे तरी किती फुकट? एके काळी त्या प्रसिद्ध रीडरच्या डाउनलोडच्या पानावरच एका अँटिव्हायरसचा स्कॅनर आधीपासून टिक करून ठेवलेला असायचा. टिक काढायला विसरलात की कागद वाचायला आणलेल्या प्रोग्रॅमबरोबर पहारेकरीही घरात. फॉक्सिट रीडर हा दुसरा. हलका म्हणून त्याचं नाव झालं, लोक लाल चौकोन टाकून त्याच्याकडं गेले, आणि मग तोही अंगानं भरत गेला. हलक्या प्रोग्रॅमचं हे दुखणंच आहे. माणसं जमली की मालकाला वाटतं, आता यांना काहीतरी विकावं.

फोनवर तर बोलायलाच नको. 'पीडीएफ रीडर' असं शोधलं की ढिगानं अ‍ॅप येतात, सगळी फुकट, सगळ्यांना साडेचार तारे. कारखान्याच्या वार्षिक सभेची नोटीस उघडायची तर आधी एखादी जाहिरात पूर्ण बघायची, मग कोपऱ्यातली ती तांदळाएवढी फुली शोधायची, ती चुकली की थेट दुसऱ्याच अ‍ॅपच्या दुकानात. वर त्या अ‍ॅपला तुमच्या सगळ्या फाइलींची परवानगी हवी. खरं तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गुगल ड्राइव्ह आधीच असतं आणि पीडीएफ त्यात मुकाट उघडते. काही उतरवून घ्यायची गरजच नाही.

त्यातून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'पीएम किसान यादी' किंवा 'गाडीचा दंड' असं नाव घेऊन एखादी फाइल येते. तिच्या शेवटी पीडीएफ नसतं, एपीके असतं. ती कागद नव्हे, ते अ‍ॅप. दाबलं की फोनमध्ये घुसतं आणि बँकेचे ओटीपी वाचायला लागतं. यात राज्यभर लोकांचे पैसे गेलेत. यादीत नाव आहे का बघायला गेलेल्या माणसाचं बँकेतलं नाव तेवढं उरतं, शिल्लक उरत नाही. कॉम्प्युटरवरही हाच खेळ चालतो. विंडोज फाइलीचं आडनाव लपवून ठेवतं, त्यामुळं 'बिल डॉट पीडीएफ डॉट इएक्सई' नुसतं 'बिल डॉट पीडीएफ' दिसतं. विंडोजमध्ये फाइलींची आडनावं दाखवायची सोय चालू करणं, हे कुठलाही रीडर निवडण्याआधीचं काम.

तर हलका म्हणावा असा कुठला? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या: विंडोजवर सुमात्रा पीडीएफ. पिवळ्या रंगाचा, दिसायला अगदी बोडका. मूळच्या पोलंडच्या क्शिश्तॉफ कोवाल्चिक नावाच्या प्रोग्रॅमरनं २००६ मध्ये तो काढला आणि अजून तो फुकट आणि खुला आहे, म्हणजे आतला सगळा कोड कुणीही वाचून घ्यावा. आकार दहा एमबीच्या आसपास. इन्स्टॉलसुद्धा करावा लागत नाही, एकच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन कुठल्याही मशीनला लावली की चालतो. ज्या कचेरीत कॉम्प्युटरचा पासवर्ड फक्त साहेबांना माहीत असतो आणि साहेब कायम मीटिंगला असतात, तिथं याचं मोल कळतं. डबल क्लिक केलं की कागद समोर. मध्ये कुणी नमस्कार करत नाही. पीडीएफच्या आत दडवलेलं जावास्क्रिप्ट तो चालवत नाही, ही गोष्ट आणखी चांगली. पंधरा वर्षांपूर्वी पीडीएफमधून व्हायरस शिरायचे ते बहुतेक याच वाटेनं. २०१० मध्ये अ‍ॅडोबीला आपला रीडर वेगळ्या पिंजऱ्यात कोंडून चालवावा लागला तो त्याचमुळं.

पण त्यालाही एक खोड आहे, आणि गावात ती महागात पडू शकते. सुमात्रा नुसता उघडला, फाइल न देता, की पहिल्या पानावर आधी वारंवार वाचलेले कागद छोट्या छोट्या चित्रांत मांडून दाखवतो. घरच्या मशीनवर ठीक. सेवा केंद्रात मात्र रांगेतल्या माणसाला पुढच्याचा सातबारा आणि त्याच्या पुढच्याचा आठ-अ एका नजरेत दिसतो. 'हा वाटणीचा फेरफार कुणाचा रं?' एवढं कुणी म्हणायची खोटी, संध्याकाळपर्यंत चावडीवर बातमी. सेटिंगमध्ये उघडलेल्या फाइली लक्षात ठेवण्याची जी टिक असते ती काढली की काम भागतं. अर्थात केंद्राच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अर्ध्या गावाचे आधार तसेच पडलेले असतात, त्याला कुठलाही रीडर काय करणार? आणि आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तो पोरगा रांगेसमोरच विचारतो, "तात्या, जन्माचं साल?" तात्या तेवढ्याच मोठ्यानं सांगतात. गुरुजींनी शाळेत घालताना एक जून लावून दिलेलं साल, आता कुलूपकिल्ली झालंय.

दुसरा प्रोग्रॅमच नको असेल तर ब्राउझर आहेच. फायरफॉक्समध्ये २०१३ पासून पीडीएफ वाचायची सोय अंगचीच आहे. क्रोममध्येही आहे, आणि त्याचं यंत्र मूळचं त्याच फॉक्सिटचं, गुगलनं ते २०१४ मध्ये खुलं करून टाकलं. म्हणजे फॉक्सिटला नावं ठेवून क्रोममध्ये पीडीएफ बघणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. मात्र खेड्यातल्या मशीनवर अजून विंडोज ७ दिसतं. मायक्रोसॉफ्टनं त्याचं नाव जानेवारी २०२० मध्येच टाकलं. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीची. अशा मशीनवर क्रोम चालतो खरा, पण जुना होऊन बसलेला. सुमात्रा तिथंही कुरकुर करत नाही, आणि एक्सपी अजून जिवंत ठेवणाऱ्या जिद्दी माणसांसाठी त्याची ३.१.२ ही जुनी आवृत्ती आहे. अशा मशीनवरून बँकेचं काम मात्र करू नये, हे सांगून ठेवतो. ऐकणार कोण, हा भाग निराळा.

लिनक्सवाल्यांना सल्ला देण्याची सोय नसते, तेच आपल्याला देतात. त्यांच्याकडं एव्हिन्स आहे, ओक्युलर आहे. ओक्युलर विंडोजवरही मिळतो. त्याला २०२२ मध्ये जर्मनीचं 'ब्लू एंजल' हे पर्यावरणचिन्ह मिळालं. वीज आणि यंत्र जपून वापरणारं सॉफ्टवेअर म्हणून ते मिळवणारा तो पहिलाच. दुपारी लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर कळ काढणाऱ्या केंद्रचालकाला हे चिन्ह जर्मनांपेक्षा जास्त समजेल.

हलक्या प्रोग्रॅमला काही गोष्टी जमत नाहीत, तेही सांगायला हवं. पीडीएफमधले भरायचे अर्ज सुमात्रात भरता येत नाहीत. पूर्वी हा मोठाच घोळ होता. गावातल्या पोरांनी एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढायची, ती कंपनी कायद्याखाली नोंदायची, आणि मग दर वर्षी कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाचे अर्ज भरायचे. ते अर्ज अशा जातीच्या पीडीएफमध्ये की लाल चौकोनाखेरीज कुठंही उघडले तर एकच वाक्य दिसायचं, इंग्रजीत: कृपया थांबा. लोक खरंच थांबायचे. चहा पिऊन यायचे. वाक्य तेच. शेवटी बारामतीच्या सीएकडं खेप घालायची. आता ते अर्ज वेबवर गेलेत, त्यामुळं जड प्रोग्रॅमची बाजू घेणाऱ्यांचा एक मोठा मुद्दा गळाला.

काही गोष्टी तर कुठल्याच प्रोग्रॅमला जमत नाहीत, आणि शिव्या मात्र रीडरला बसतात. पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात: अमुक आकृती पानावर अमुक ठिकाणी. इंग्रजीचं त्यावर निभतं. मराठीत पहिली वेलांटी उच्चारायला अक्षराच्या नंतर आणि काढायला अक्षराच्या आधी. त्यामुळं एखाद्या यादीत 'वडगाव निंबाळकर' डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण 'निंबाळकर' शोधलं की उत्तर येतं, सापडत नाही. आतमध्ये वेलांटी 'न'च्या आधी जाऊन बसलेली असते. जुन्या श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये केलेला कागद असेल तर कॉपी करून दुसरीकडं चिकटवल्यावर जे उमटतं ते कुठल्याच भाषेत वाचता येत नाही.

मतदार यादीची तऱ्हा याच्याही पुढची. ती पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. शोधायची खिडकी उघडून आडनाव टाका, काही होणार नाही. मध्य प्रदेशची यादी शोधता येईल अशा स्वरूपात मिळावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०१८ मध्ये न्यायालयानं ती मागणी मान्य केली नाही. मतदारांची माहिती कुणी घाऊक गोळा करू नये, हे निवडणूक आयोगाचं कारण. कारण वाईट नाही. पण निवडणूक आली की प्रत्येक पॅनेलचा कार्यकर्ता ती यादी छापून घेतो, फूटपट्टी लावून ओळ ओळ वाचतो, आणि रात्रीत सगळी एक्सेलमध्ये उतरवतो. घाऊक माहिती गोळा होतेच, फक्त पोरांची झोप जाते.

आता हिरव्या टिकेकडं येतो, कारण जड प्रोग्रॅम अजून गावोगाव टिकून आहे तो तिच्या जिवावर. आधार उतरवून घेतलं की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. सही कुणाची ते कळतं, पण खरी की खोटी ते ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ. सुमात्रात आणि क्रोममध्ये ते प्रश्नचिन्ह जन्मभर तसंच राहतं. लाल चौकोनात मात्र ते हिरवं करता येतं. कसं? भारतातल्या सगळ्या डिजिटल सह्यांच्या वर एक मूळ प्रमाणपत्र आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियंत्रकांचं. हा परदेशी प्रोग्रॅम त्याला आपणहून ओळखत नाही. म्हणून प्रश्नचिन्हावर उजवं क्लिक करायचं, प्रमाणपत्र उघडायचं, आणि 'यावर माझा विश्वास आहे' असं प्रोग्रॅमला सांगायचं. मग तपासून बघ म्हणायचं. प्रश्नचिन्ह जातं, हिरवी टिक येते.

हा विश्वास कोण ठेवतो? तो केंद्रचालक पोरगा. प्रमाणपत्र खरंच नियंत्रकांचं आहे का, त्याचा क्रमांक काय, हे त्यानं कधी बघितलेलं नसतं. बघायचं असतं हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. यूट्यूबवर बघून पाच क्लिक तोंडपाठ केलेत आणि दिवसभर तेच. त्यामुळं ती टिक सांगते ते एवढंच की सही झाल्यानंतर फाइल कुणी बदललेली नाही, आणि सही करणाऱ्यावर पणदऱ्यातल्या एका पोराचा भरवसा आहे. फाइल म्हणून तीही किंमत कमी नव्हे. पण ती फाइल तशीच पुढं पाठवली तर. छापली की संपलं. डिजिटल सही फाइलीत असते, ती प्रिंटरमधून कागदावर उतरत नाही. कागदावर उतरतं ते टिकेचं चित्र, आणि चित्र कुणालाही काढता येतं.

सातबाऱ्याचं तर याहून सोपं आहे. १५ रुपये भरून उतरवलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर १६ आकडी पडताळणी क्रमांक असतो. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकला की अस्सल उतारा समोर येतो. त्याला ना जड रीडर लागतो, ना हलका, ना टिक. डिजिटल सहीला कायद्यानं २००० सालीच मान्यता दिलेली आहे. पण हे सोळा आकडे टाकून बघणारा माणूस टेबलाच्या पलीकडं अजून बसायचा आहे.

टेबलापलीकडं सध्या जे बसलेत ते आधारची प्रत उजेडाकडं धरून बघतात.

"तात्या, ह्याच्यावर प्रश्नचिन्ह हाय. हे चालायचं न्हाय. हिरवी टिक करून आणा."

तात्या परत केंद्रात. पोरगा जड प्रोग्रॅम उघडतो, साइन इन बंद करतो, 'नवीन काय' बंद करतो, सारांश नको म्हणतो, उजवं क्लिक, विश्वास आहे, विश्वास आहे, ठीक, ठीक. पडद्यावर टिक हिरवीगार होते. पोरगा प्रिंट मारतो. प्रिंटर काळा-पांढरा. कागदावर करडी टिक उमटते. केंद्राचे दहा रुपये.

"आता कसं! बघा, झालं की न्हाय?" साहेब कागद फायलीला लावतात. "इथं खाली सही करा तुमची, स्वसाक्षांकित म्हणून. आणि ह्याच्या झेरॉक्स दोन आणा."